दुसरी घागर

लिही, रश्मी. मंडळाच्या पुस्तकात आपल्या लिंबायतच्या एखाद्या माणसाची हकीकत पाहिजे म्हणतात ना, तर तुझ्या आत्याची लिही. योगिता मगन बोरसे. जपानात फुटबॉल खेळायची, पगार घेऊन. पुढे उभं राहून गोल करायचे, हे तिचं काम. आता ती पर्वत पाटियाला साडीच्या मार्केटात घड्या घालते, ते सगळ्यांना दिसतं. आधीचं फार थोड्यांना ठाऊक आहे, आणि जे ठाऊक आहे ते खोटं आहे. ते खोटं मी केलं, तिच्या आईने. म्हणून मीच सांगते. मला अक्षर येत नाही, तू लिही.

आम्ही अमळनेरकडचे. तुझ्या आजोबांनी लग्नानंतर दोन वर्षांत गाव सोडलं आणि इथे सुरतला लूमच्या खात्यात कारीगर म्हणून लागले. खातं म्हणजे पत्र्याची लांब खोली. आत चाळीस लूम, आणि सगळे एकदम खडखडतात. तिथे तोंडाने बोलून उपयोग नाही. कारीगर हातांनी बोलतात. पाणी पाहिजे तर अंगठा तोंडाला लावायचा, शेठ आला तर मिशीवर बोट फिरवायचं. लूमवरची सुताची तार तुटली तर दोन हातांच्या बोटांची टोकं जोडायची आणि झटक्यात लांब करायची, मग हाताने बोलवायचं. तार तुटली, इकडे ये. समोरचा कितीही कामात असला तरी तेवढ्याला धावून येतो. नाही आला तर कापड खराब होतं.

त्या आवाजात राहून तुझ्या आजोबांचे कान हळूहळू गेले. घरी आले तरी हातांनीच बोलायचे. बाकीच्या पोरांना त्याची लाज वाटायची. तुझा बापच, ललित, मित्रांसमोर तोंड फिरवायचा. योगिताला नाही वाटायची. ती चालायला लागली तेव्हापासून बापाशी हातांनी बोलायची. दोघं समोरासमोर बसून काय काय बोलत आणि हसत, मला अर्धं समजायचं नाही. मला वाटायचं, मलाच हसतात. एकदा विचारलं तर आजोबा म्हणाले, हो, तुलाच हसतो, भाजीत मीठ विसरलीस.

तिचा पहिला चेंडूही त्यांनीच केला. खात्यात खाली पडलेली चिंधी आणि तुटकी तार जमवून ललितसाठी गोळा बांधला होता. ललितने दोन दिवस खेळून टाकला. योगिताने उचलला. सहा वर्षांची असेल. मग गल्लीत नुसती दाण दाण. धुरपदाबाईच्या पापडांवर गेला, त्यांनी माझ्या दारात येऊन पोरीचे पाय बांधून ठेव म्हणून सांगितलं. धुरपदाबाई म्हणजे लिंबायतच्या आपल्या चाळीतलं पहिलं दार. चाळीत कोण आलं, कोण गेलं, सगळं त्यांच्या पुढून.

म्युनिसिपालटीच्या शाळेत योगेंद्र सर म्हणून खेळाचे मास्तर होते. त्यांनी तिला पोरांच्यात घेतलं. मग सुरतची टीम झाली, मग गुजरातची. ती पोरांसारखी ओरडून चेंडू मागायची नाही. बोटं जोडायची, लांब करायची, हात हलवायचा. बरोबरच्या पोरी आधी हसल्या, मग शिकल्या. समोरच्या टीमला काही कळायचं नाही. तुझे आजोबा बारा तासांची पाळी करून रविवारी मैदानाच्या कडेला उभे राहत, आणि तिथून हाताने सांगत, कोणती बाजू मोकळी आहे. ज्याला ऐकू येत नाही ते माणूस बघतं जास्त.

जपानचं असं झालं. एका मोठ्या शेठने पाण्यावर चालणारे नवे लूम मागवले. ते बसवायला तिकडचा एक साहेब दोन महिने आला होता. आजोबांच्याच खात्यात. त्याच्या कंपनीची म्हणे तिकडे कापडाची मिल होती आणि मिलची पोरींची टीम होती. आजोबांनी त्याला हाताने समजावून एका रविवारी मैदानावर नेलं. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, तरी चांगलं जमलं. साहेबाने योगिताला बघितलं, काही बोलला नाही, पुढच्या रविवारी कॅमेरा घेऊन आला. त्र्याण्णव सालच्या होळीला ती गेली. एकोणीस वर्षांची होती. भाऊकीतले लोक म्हणाले, पोरीला विकली का. आजोबांना ऐकू आलं नाही. मला आलं.

सकाळी मिलमध्ये कापड तपासायचं आणि दुपारनंतर खेळायचं, असं तिचं तिकडे चालायचं. पहिल्या पत्रात लिहिलं होतं, आबा, इथेही लूमच आहेत, पण आवाज होत नाही, इथे तुमचे कान गेले नसते. ललितने वाचून दाखवलं, मग आजोबांना हाताने सांगितलं. ते पत्र घेऊन खात्यात गेले आणि सगळ्यांना दाखवून आले. वाचता त्यांनाही येत नव्हतं.

पहिल्या वर्षी ती बाकावर बसली. दुसऱ्या वर्षी अकरा गोल केले. पेपरात फोटो आला, तो तिने पाठवला. खाली मुंग्यांसारखी अक्षरं, त्यात तिचं नाव कोणतं ते कोणालाच सांगता आलं नाही.

फोन रविवारी सकाळी दहाला यायचा, सरलाबाईंच्या किराणा दुकानात. आम्ही नऊपासून जाऊन बसायचो. बोलायची मी. आजोबा माझ्या अंगाला टेकून उभे राहत, आणि शेवटी फोन ओढून घेऊन एकच वाक्य ओरडत, "जेवण व्हयनं का व, योगी?" जेवलीस का, एवढंच; उत्तर त्यांना ऐकू येणार नसायचं. ओरडून फोन मला परत द्यायचे आणि खूश व्हायचे. चौऱ्याण्णव साली सुरतमध्ये प्लेग आला, लोक गाड्या भरभरून गावाला पळाले, ती बिचारी तिकडून रडत विचारते कोण कोण चांगलं आहे, आणि हे आपले जेवण व्हयनं का. सरलाबाई म्हणायच्या, मगनभाऊ, दुकानाचं छप्पर उडेल.

आता पुढचं नीट लिही.

शहाण्णवच्या गणपतीनंतर आजोबांना कावीळ झाली. आधी झाडपाला केला, मग दवाखाना. तोवर पोटात पाणी झालं. योगिताची तिकडे शेवटची मोठी मॅच डिसेंबरच्या पहिल्या रविवारी होती. त्या मॅचवर पुढच्या दोन सालांचं ठरणार होतं, ठेवतात की नाही. ती दर रविवारी तेच बोलायची. आबांना घेऊन ये ना फोनवर, म्हणाली, तर मी म्हटलं पाळी बदलली आहे.

मॅचच्या आठ दिवस आधी आजोबा गेले.

तार करायला ललित निघाला होता. मी त्याला दारात अडवलं. का ते सांगते. गावाहून भाऊकी आली होती, आणि मढं घरात असतानाच बायकांच्यात बोलणं सुरू झालं होतं. घरात बाप गेला की पोरीचं लग्न वर्षाच्या आत उरकायचं, नाहीतर तीन वर्षं करता येत नाही. योगिता बावीस संपून तेविसात. शिरपूरचा एक मुलगाही त्यांनी तिथेच नावानिशी काढला. मी ओळखून होते. ती मातीला, तेराव्याला आली असती तर तिला परत जाऊ दिलंच नसतं. बापाच्या नावाने गळ घातली असती आणि तिने मान तुकवली असती. अकरा गोल करणारी माझी पोर शिरपूरला भाकऱ्या थापत बसली असती.

मी ललितला म्हटलं, मॅच होऊ दे. मग सांगू.

लोकांना सांगितलं, कळवलं आहे, पण तिला तिकीट मिळत नाही.

मॅच झाली. तिचे दोन गोल झाले, तिला ठेवून घेतलं. पुढच्या रविवारी फोन आला तेव्हा ती इतकी हसत होती की मी आधी गोलांचंच विचारत बसले. आणि शेवटी म्हणाली, आबांना दे. माझ्या बाजूला तुझे निंबा आजोबा उभे होते, माझे धाकटे दीर. तेही खात्यातले, त्यांचाही आवाज तसाच फुटका आणि मोठा, सख्खे भाऊ ना. मी फोनवर हात ठेवला आणि त्यांच्याकडे बघितलं. त्यांना समजलं. ते म्हणाले, "वहिनी, हे पाप माझ्या तोंडून करवू नका."

मी फोन त्यांच्या तोंडाशी धरला.

त्यांनी ओरडून विचारलं, जेवण व्हयनं का व, योगी. आणि दुकानातून बाहेर गेले. सरलाबाई गिऱ्हाइकाला साखर देत होत्या, त्यांचा हात तसाच राहिला. माझ्याकडे बघितलं नाही त्यांनी. त्यानंतर कधी छपराची मस्करीही केली नाही.

एकदाचं करू म्हणून केलं, ते पाच महिने चाललं. दर रविवारी वाटायचं आज सांगू. पण आज सांगितलं तर गेल्या रविवारचं काय. भाऊकी शिरपूरवरून अजून निरोप पाठवत होती. आणि निंबा आजोबा आपले दर रविवारी न सांगता येत, कोपऱ्यात उभे राहत, एक वाक्य ओरडत आणि जात. मार्चमध्ये तिने विचारलं, आई, आबांना कोणत्या कानाने जास्त कमी ऐकू येतं. मी म्हटलं, डाव्या. का विचारते म्हणून मी विचारलंही नाही, लवकर फोन ठेवायची घाई. मेलेल्या माणसाचा कान सांगितला मी, रश्मी.

मग अखाजी आली, सत्त्याण्णवची अक्षय तृतीया. आपल्यात अखाजीला लेकी माहेरी येतात आणि त्याच दिवशी गेलेल्या माणसांच्या नावाने घागर भरतात. तू दरसाल बघते. आपल्या घरी तुझ्या पणजोबांची एक घागर असायची. त्या साली दुसरी आणली, नवी, लाल. पाण्याने भरली, वर छोटं मडकं ठेवलं, त्यावर डांगर, कैऱ्या. पुरण शिजत होतं. निंबा आजोबा पाटावर बसून फुलं लावत होते. तुझा बाप आंब्यांना गेला होता.

दारात रिक्षा थांबली आणि योगिता आत आली.

कंपनीने आठ दिवस सुट्टी दिली होती. चार वर्षांत अखाजीला एकदाही आली नव्हती, म्हणून न सांगता आली. केस बारीक कापलेले, पाठीवर पिशवी, तोंड हसरं. आधी तिने आत डोकावलं, आबा पाळीला गेले असतील असं वाटलं असेल. मग खाली बघितलं.

"माय, दोन घागरी कसाले?"

मी पुरणाचा चमचा धरून उभी. मला वाटलं होतं सांगायला शब्द शोधावे लागतील. एकही लागला नाही. ती घागरीकडे बघत होती, मग माझ्या कपाळाकडे बघितलं. मग निंबा आजोबांकडे वळली. त्यांनी मान खाली घातली होती. ती त्यांच्याजवळ जाऊन बसली आणि अगदी हळू म्हणाली, "काका, फोनवर तुम्ही होता."

ते म्हातारं माणूस रडायला लागलं.

तेवढ्यात धुरपदाबाई आल्या. रिक्षा त्यांच्या पुढूनच गेली होती. दारातच उभ्या राहून म्हणाल्या, "आते उनी का व बाई? बापनी मातीले ते उनी नही." पोरीने माझ्याकडे बघितलं. तेव्हा तिला समजलं की बाप तर गेलाच, वर आख्खी वस्ती पाच महिने म्हणते आहे की ही पोरगी पैशाला लागली, बापाच्या मातीलाही आली नाही. मी ते कधी खोडून काढलं नव्हतं. कसं काढणार. खोडायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं.

धुरपदाबाई गेल्यावर तिने पिशवीतून एक छोटा डबा काढला. त्यात कानात घालायचं यंत्र होतं. डाव्या कानाचं. फोनवर बापाला तिचं उत्तर ऐकू यावं म्हणून आणलं होतं. तो डबा तिने नव्या घागरीजवळ ठेवला आणि भिंतीला टेकून बसली.

राग आला की ती शाळेतली मराठी बोलते. तशी बोलली. म्हणाली, "मॅच झाल्यावर तरी सांगायचं होतं. पुढे दोन महिने मॅच नव्हती. रडून झालं असतं आणि मी परत गेले असते. शिरपूरला मला कोणी बांधून नेलं नसतं, आई. मला विचारायचं तरी."

हे माझ्या मनातच आलं नव्हतं. तिला विचारायचं. मी भाऊकीला भ्यायले, लग्नाला भ्यायले, आणि ती नाही म्हणू शकेल हे मलाच वाटलं नाही. पोरांच्यात पोर होऊन खेळली, समुद्रापलीकडे एकटी राहिली, आणि मी धरून चालले की माझ्यासारखीच मान खाली घालेल.

आणि मग मी आणखी एक केलं. तिची ती नजर मला सोसेना. मी म्हटलं, तुझ्या आबांनीच सांगितलं होतं, पोरीला कळवू नका, तिला खेळू द्या.

ती भिंतीकडे तोंड करून आडवी झाली.

दुसऱ्या दिवसापासून तिने सुतक धरलं. लोक म्हणाले, पाच महिन्यांनी कसलं सुतक. ती कोपऱ्यात चटईवर तेरा दिवस बसली. आठवा दिवस उलटला, विमान गेलं. कंपनीचा फोन सरलाबाईंकडे आला, एकदा, दोनदा, पाचदा. तुझा बाप हाताला धरून उठवायला गेला. ती म्हणाली, फोन कानाला लावला की मला काकाचा आवाज येतो. नाही गेली. पावसाळ्यात कंपनीचं पत्र आलं, तिच्या जागी दुसरी पोरगी घेतली म्हणून. योगेंद्र सर दोनदा घरी येऊन समजावून गेले, इथे तरी खेळ म्हणून. तिने चहा करून दिला. बूट चाळीतल्या एका पोराला देऊन टाकले. शिरपूरवाले आले, त्यांना तिने स्वतः समोर बसून नाही सांगितलं, एका वाक्यात. ते उठून गेले. इतकं सोपं होतं ते.

ज्या खेळासाठी खोटं केलं तो खोट्यानेच गेला. मग आपण इकडे डिंडोलीला राहायला आलो, ती मार्केटात लागली. बाकी तू बघतेच. ती माझ्याशी चांगली वागते. माझे पाय चेपते, गोळ्या देते. पण अखाजीच्या दिवशी बापाच्या घागरीला हात लावत नाही. पणजोबांच्या घागरीत पाणी ओतते, दुसरीत ओतत नाही, आणि जेवायच्या आधी कुठेतरी निघून जाते. मार्केट बंद असतं तरी जाते. तुम्हाला वाटतं तिला आठवण सोसत नाही. मला माहीत आहे काय ते. बापाने आपल्याला शेवटी बोलावलं नाही, हे तिला सोसत नाही.

आता लिही, रश्मी, आणि थांबू नको.

आजोबांनी असं काही सांगितलं नव्हतं. जायच्या आदल्या दिवशी दुपारी त्यांची वाचा गेली होती. मी एकटी बाजूला होते. त्यांनी दाराकडे बघून दोन्ही हात वर उचलले. बोटांची टोकं जुळत नव्हती. तिसऱ्या वेळेला जुळवली आणि लांब केली. मग हाताने बोलावलं. तार तुटली, इकडे ये. दाराकडे बघून, पुन्हा पुन्हा. मला म्हणत नव्हते, मी तर तिथेच होते. ते कोणाला बोलावतात ते मला समजलं. बाकी सगळं अर्धं समजायचं, हे पूर्ण समजलं.

मी त्यांचे दोन्ही हात धरून खाली घेतले आणि चादरीत घातले. कोणी बघून तिला बोलावू नये म्हणून.

एवढंच. मंडळाला द्यायचं की नाही ते योगिता ठरवेल. या वेळेला तिला विचारायचं. सात वाजता येते ती. आल्या आल्या हातात देऊ नको. आधी तिला जेवू दे, मग दे.